ओठाला लावून परत

नलाइखच्या बसथांब्यावर एक कागद डकवलेला होता,
खालची कड कात्रीने झालरीसारखी कापलेली,
प्रत्येक पट्टीवर तोच फोन नंबर.
दोनच फाटलेल्या.
तिसरी मी फाडली, तंबाखू वळायला.
नंबर ओढून संपवला.

दुसऱ्या दिवशी चौथी फाडली
आणि बुटात ठेवली,
कारण खिसे बायको तपासायची.
बाटली सापडली तर ती आताशा रडत नसे.
हा कागद सापडला असता
तर तिला आशा वाटली असती,
आणि तेवढं मला झेपलं नसतं.

मंगळवार, संध्याकाळी सात,
शाळेमागची बॉयलरची खोली.
पहिल्यांदा गेलो तर आतून हसण्याचा आवाज.
दारुड्यांच्या खोलीत हसू?
पत्ता चुकला म्हणून परतलो, पत्ता चुकला नव्हता.
दुसऱ्यांदा पिऊन गेलो, तेही दारापर्यंतच.
तिसऱ्यांदा उणे एकतीस.
एक बाई राख टाकायला बाहेर आली, म्हणाली,
आत ये नाहीतर बाजूला हो,
ऊब जातेय.

एवढ्यावर मी आत गेलो.
याहून थोर कारण माझ्यापाशी नाही.

ती दुलमसुरेन. कोळशाच्या वखारीत काट्यावर बसते,
नऊ वर्षं थेंब नाही.
येणाऱ्या प्रत्येकाने कोळशाचा एक तुकडा आणायचा,
हीच वर्गणी.
मिठाचा दूधचहा, कानतुटके वाडगे,
आणि बात्सुख, ज्याची तीन बोटं
एका रात्री बर्फाने नेली.
त्यातच ते बोट होतं, अनामिका,
जी व्होडकात बुडवून आम्ही आकाशाला शिंपडतो.
म्हणाला, बरं झालं,
माझ्या हातून आकाश फार प्यायलं.
तेव्हा कळलं, हसू कुठून येत होतं ते.

मी म्हणालो, मी फक्त सुट्टीच्या दिवशी घेतो.
कोणी काही बोललं नाही.
गान्झोरिगने माझा वाडगा पुन्हा भरला.

पाचव्या मंगळवारी तोंडातून निघालं:
माझी आनुजिन, बारा वर्षांची,
घसरगाडीवर कॅन ठेवून विहिरीवर पाण्याला गेली होती.
वाटेत मी पडलेला दिसलो.
तिने पाणी ओतून दिलं
आणि गाडीवर मला घातलं.
चढ आहे आमच्या घराकडे. चांगलाच चढ आहे.
त्या रात्री घरात पाणी नव्हतं.
सकाळी मी तिलाच विचारलं,
चहा का नाही?

कोणी खांद्यावर हात ठेवला नाही.
दुलमसुरेनने शेगडीत कोळसा टाकला.
मग पलीकडचा तेमूलेन, जो महिनाभर मुका बसला होता,
तो म्हणाला, मी आईला विचारलं होतं.
तेच. चहा का नाही.

नव्या वर्षाच्या सणाला थोरल्या भावाकडे जायचं होतं.
तिथे वाडगा येणारच, दोन्ही हातांनी,
आणि नाही म्हणणं म्हणजे घराचा अपमान.
गान्झोरिगने रिकामा वाडगा घेऊन मला शिकवलं:
बाही खाली ओढ, उजव्या हाताने घे,
ओठाला लाव, परत दे.
रीत जुनीच आहे. लहानपणी सांगितलीही असेल कुणी,
पण ओठाला लावून परत
असं काही माझ्या बाबतीत घडलंच नव्हतं.
अकरा वेळा घोकून घेतलं त्याने.

भावाच्या घरी खरा वाडगा आला.
वास आधी आला.
ओठ चरचरला. परत दिला.
भाऊ माझ्याकडे बघत राहिला,
मी मेंढीच्या शेपटीच्या चरबीकडे.
बाहेर येऊन नंबर लावला,
पट्टीची शाई घामाने केव्हाच गेली होती, पाठ होता.
दात वाजत होते, शब्द फुटेना.
दुलमसुरेन म्हणाली, जेवलास का?

आता पाण्याची गाडी मी ओढतो.
आनुजिन मागून चालते, थोडं अंतर ठेवून,
कॅनची झाकणं ती स्वतः तपासते,
झाकण उघडून वासही घेते.
घेऊ दे.
मंगळवारी मात्र ढिगापाशी वाकून
माझ्यासाठी तुकडा तीच निवडते.
बोलत नाही काही.
मोठा निवडते.